सातपर्यंत मोजणे

खानापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये
तीन दिवस आम्हाला विचारायला शिकवलं.
पंखा एक, आम्ही एकवीस.
अंकलगी बाई म्हणाल्या,
तुम्ही सगळे जन्मभर उत्तरं देत आलात,
आता जीभ उलटी फिरवायची आहे.

खरंच होतं.
शाळेत बाक वाजवून विचारलेलं,
दवाखान्यात वर न बघता, किती दिवसांपासून?
नोकरीच्या क्लासात माझ्या भावाकडून
‘तुमचा दुर्गुण सांगा’चं उत्तर पाठ करून घेतलेलं:
मी फार मेहनत करतो, सर.
कोर्टात आईला तर दोनच शब्द ठेवले होते,
होय किंवा नाही,
आणि तिचं सगळं म्हणणं
त्या दोहोंच्या मधल्या बांधावर.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावल्या.
कडोलीच्या भरमानं विचारायचं,
मी विणकर बाई व्हायचं.
तुम्हाला त्रास होत असेल ना? भरमा म्हणाला.
बाईंनी टेबलावर पेन आपटलं.
उत्तर तूच दिलंस, तिला काय ठेवलंस?
मग फळ्यावर लिहिलं,
माणूस थांबला तर थांबा. मनात सात मोजा.
आम्ही मोजून बघितलं.
सात फार लांब असतात.
चारला घसा खाकरतो,
पाचला कुणीतरी हसतंच.

वडगावात मागांचा आवाज गल्लीच्या आधी भेटतो.
तिचं नाव सांगत नाही, तशी सही करून आलेय.
कागदावर ती व-तेवीस.
कुंद्री म्हणाली, पोतं झटकून दिलं,
मग मराठीत, च्या घेणार न्हवं?
पहिलाच प्रश्न मातृभाषा. एकच खूण करा.
भांडायला कन्नड, म्हणाली,
बाजाराला मराठी,
आन् आई माझी मेली ती तेलुगूत.
एवढं एका चौकटीत बसेना.
मी ‘इतर’वर खूण केली.
ती वाकून बघत म्हणाली,
इतर म्हंजे आमी व्हय?

तेरा, चौदा, पंधरा नीट गेले.
सतरावा: मध्ये काम बंद होतं का, किती दिवस, कशामुळे.
आठ म्हैने, म्हणाली.
त्या आठ म्हैन्यात मी…
आणि रिकामी कांडी बोटांत फिरवत राहिली.

मी विचारलं, आजारी होता का?

हं, म्हणाली. आजारी. तसंच लिवा.
लिहिलं. कोड तीन.
गल्लीबाहेर पडताना वाटलं, छान झाली मुलाखत,
पस्तीस मिनिटं, एकही रकाना रिकामा नाही.

रात्री टिळकवाडीच्या खोलीवर
हेडफोन लावून सगळं उतरवायला घेतलं.
खटक खटक खटक,
त्यातून तिचे शब्द
खड्यांतून तांदूळ निवडावेत तसे.
त्या आठ म्हैन्यात मी…
इथे एकाएकी सगळं ऐकू येतं.
चहावरचं झाकण उडतंय.
माझं पेन उघडतंय, मिटतंय.
मागे घेतलं, पुन्हा ऐकलं.
पाचव्यांदा कळलं,
भिंतीपलीकडचा माग थांबलाय.
बटणावर हात ठेवून कुणीतरी उभं आहे.
एक. दोन. तीन. चार.
आजारी होता का?
हं. आजारी. तसंच लिवा.
खटक.
खटक खटक.

बाईंच्या हिशेबात मी तीन अंकांनी कमी पडले.
पण पाच, सहा, सात होईतो
ती बोलली असती,
तर भिंतीपलीकडे तिचं काय झालं असतं
याला रकाना नव्हता.
मी तिचं वाक्य तोडलं
की तिला मागचं दार उघडून दिलं,
हे टेपवर येत नाही.
कोड तीन अजून तसाच आहे.

यंदा चिकोडीला मीच शिकवते.
नवी पोरं, नवे फॉर्म. सात मोजा, सांगते.
संकेश्वरच्या एका मुलीनं हात वर केला,
मोजताना ऐकायचं काय, मॅडम?
मला माहीत होतं.
मी गप्प राहिले.
चारपर्यंत गेले असेन,
मग चहा आला.